लघवीची तक्रार आणि रक्तातला आकडा

कार्तिकातल्या यात्रेला कौंडण्यपुरात पाय ठेवायला जागा नसते. रुक्मिणीचं माहेर म्हणून तिवसा तालुक्यातलं हे नदीकाठचं गाव त्या दिवसांत माणसांनी फुलून जातं. वर्धेपलीकडून आर्वीकडची मंडळीही येतात. त्या गर्दीतून वाट काढत मोठे बाबा मला घाटाकडे घेऊन गेले, एका पायरीवर टेकले आणि बंडीच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

“पाह्य बरं बाप्पा, काय म्हनते थे. मले क्यान्सर त नाई ना?”

कागदावर एका ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारलेली होती. टोटल पीएसए, १८.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. शेजारी संदर्भमर्यादा, ० ते ४. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून हा कागद घरात कुणाला न दाखवता त्यांनी माझ्यासाठी जपून ठेवला होता. मी आधी आकड्याकडे पाहिलं, मग तारखेकडे, आणि मग विचारलं, “नळी कधी टाकली होती?” आदल्या रात्री, ते म्हणाले.

मोठे बाबांचं वय एकाहत्तर. आषाढीला रुक्मिणीच्या पालखीसोबत पंढरपूरपर्यंत पायी जाणारा माणूस. गेली दोन वर्षं रात्रीतून चार-पाच वेळा उठावं लागत होतं. बसलं की धार लागत नव्हती, झाली तरी मोकळं वाटत नव्हतं. दिंडीतून सारखं बाजूला व्हावं लागू नये म्हणून त्यांनी वाटेत पाणी पिणंच कमी केलं होतं. हे मला फार नंतर कळलं आणि त्याचं वाईट वाटलं. मग एका रात्री लघवी पूर्ण तुंबली. दवाखान्यात नळी टाकली, पोट उतरलं आणि सकाळी ‘सगळ्या तपासण्या’ म्हणून जे रक्त काढलं त्यातच पीएसएही पाठवलं. त्या वेळी ते पाठवायला नको होतं. लघवी तुंबली, नळी गेली किंवा जंतुसंसर्ग झाला की हा आकडा कॅन्सरशिवायही कित्येक पट चढतो.

साधी वाढ की कॅन्सर, हा प्रश्न प्रोस्टेटच्या बाबतीत रक्ताला विचारायला सुरुवात होऊन ऐंशीहून अधिक वर्षं झाली. उत्तर आजही हो किंवा नाही असं मिळत नाही. पण आजूबाजूच्या चार गोष्टी माहीत असतील तर ते पुष्कळ नेमकं होऊ शकतं. त्या चार गोष्टी न विचारता आकडा एकटा वाचला, की एका घरात विनाकारण झोप उडते आणि दुसऱ्या घरात खरा आजार नजरेतून सुटतो. दोन्ही मी पाहिलं आहे.

आधी ग्रंथीचं पाहू. प्रोस्टेट म्हणजे पौरुषग्रंथी, मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रनळीला वेढून बसलेली, तरुणपणी साधारण सुपारीहून थोडी मोठी. पन्नाशीनंतर ती वाढू लागते. पन्नाशीतल्या निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढच्या बहुतेकांत सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ दिसते. म्हणजे केस पिकण्यासारखीच ही वयाची गोष्ट. पण वाढ कुठे होते ते महत्त्वाचं. साधी वाढ नळीला लागून असलेल्या आतल्या भागात होते, म्हणून ती नळी आवळते आणि लघवीचा त्रास देते. कॅन्सर बहुतेक वेळा, दहातल्या सातांत, बाहेरच्या सालीत, गुदाशयाच्या बाजूला उगवतो. तो नळीपासून दूर असल्याने सुरुवातीला लघवीवर त्याची सावलीही पडत नाही. म्हणून लघवीचा त्रास असणाऱ्याला बहुधा साधी वाढच असते, आणि ज्याला काहीच त्रास नाही त्याच्याही ग्रंथीत कॅन्सर असू शकतो. साध्या वाढीचा पुढे कॅन्सर होतो, ही आपल्याकडची घट्ट समजूत खरी नाही. दोन्ही एकाच वयात, एकाच ग्रंथीत शेजारी राहू शकतात, एवढंच.

रक्तात पहिली खूण सापडली ती ॲसिड फॉस्फेटेज. न्यूयॉर्कचे अलेक्झांडर गुटमन आणि एथेल गुटमन यांनी १९३८ मध्ये दाखवलं, की हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये हे विकर रक्तात वाढतं. तीनच वर्षांनी, १९४१ मध्ये, शिकागोच्या चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी वृषण काढून टाकल्यावर हेच विकर खाली येतं आणि रोग माघार घेतो हे दाखवलं. हगिन्स यांना त्या कामासाठी १९६६ चं नोबेल मिळालं. आजही परवडणारा उपाय म्हणून आपल्याकडे ती शस्त्रक्रिया होते. तिच्यामागचा पहिला पुरावा रक्तातल्या खुणेनेच दिला. पण ॲसिड फॉस्फेटेज वाढेपर्यंत रोग बहुधा हाडांत पोचलेला असे.

पीएसए पुढे आलं १९७९ मध्ये. अमेरिकेतल्या बफेलो शहरात रोझवेल पार्क संस्थेत मिंग वांग आणि मिंग चू यांच्या गटाने प्रोस्टेटच्या पेशीजालातून ते वेगळं, शुद्ध केलं. त्याच्या पूर्ण नावात, प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन, ‘स्पेसिफिक’ हा शब्द आहे आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. ते प्रोस्टेटपुरतं खास आहे, कॅन्सरपुरतं नाही. वीर्य पातळ करणं हे त्याचं रोजचं काम, आणि प्रत्येक निरोगी पुरुषाची ग्रंथी ते बनवते. वीर्यात ते रक्ताच्या तुलनेत लाखो पट जास्त असतं. ग्रंथीच्या पेशी, त्यांच्याखालचं पातळ आवरण, मग रक्तवाहिनी, असे बांध असल्यामुळे रक्तात अगदी थोडं पाझरतं. कॅन्सरची पेशी निरोगी पेशीपेक्षा जास्त पीएसए बनवत नाही. उलट बऱ्याचदा कमीच बनवते. पण ती बांध फोडते. म्हणजे रक्तातला आकडा मोजतो तो पाझर. पाझर तीन कारणांनी वाढतो: ग्रंथी मोठी झाली म्हणून, ती सुजली किंवा दुखावली म्हणून, किंवा कॅन्सरने बांध फोडले म्हणून. मशीनला ही तीन कारणं वेगळी करता येत नाहीत.

हे पहिल्यापासूनच दिसत होतं. १९८७ मध्ये स्टॅनफर्डच्या थॉमस स्टेमी यांनी ज्या लेखाने पीएसएला जगभर नाव मिळवून दिलं, त्यात उपचार न झालेल्या कॅन्सरच्या १२७ रुग्णांपैकी १२२ जणांत पीएसए वाढलेलं होतं. ॲसिड फॉस्फेटेज फक्त ५७ जणांत. लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच. त्याच लेखात साधी वाढ असलेल्या ८६ टक्के रुग्णांतही पीएसए वाढलेलं असल्याची नोंद होती. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, ही चाचणी चोर सोडत नव्हती, पण सावालाही पकडत होती.

अमेरिकेत १९८६ मध्ये आधी उपचारानंतरच्या देखरेखीसाठी आणि १९९४ मध्ये रोग शोधायला मदत म्हणून तिला मान्यता मिळाली. दरम्यान विल्यम कॅटलोना यांनी १९९१ मध्ये आकड्यांची जी पायरी मांडली ती अजूनही डॉक्टरांच्या तोंडी असते. ४ ते १० मधल्या पुरुषांपैकी २२ टक्क्यांना कॅन्सर निघाला, १० च्या वर गेलेल्यांपैकी ६७ टक्क्यांना. म्हणजे ४ ते १० हा धूसर पट्टा; तिथे आलेल्या दर पाच जणांपैकी जवळपास चौघांची बायोप्सी करून, म्हणजे ग्रंथीचा तुकडा काढून, हाती काही लागत नव्हतं. आणि ४ ची रेघ? तीही वरून उतरलेली नाही. २००४ मध्ये इयन थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी, ज्यांचं पीएसए कधीच ४ च्या वर गेलं नव्हतं अशा २,९५० पुरुषांच्या बायोप्सीचे निकाल छापले. त्यांतल्या १५ टक्क्यांना कॅन्सर निघाला, ३.१ ते ४ मधल्यांत तर जवळजवळ २७ टक्क्यांना. त्यांतले बरेच कॅन्सर कधीच त्रास न देणारे होते, तरी ‘चारच्या आत म्हणजे सुखरूप’ हे वाक्य तेव्हापासून कुणी बोलू नये असं मला वाटतं. शून्यापासून वर जसजसं जावं तसतशी शक्यता वाढत जाते. मध्ये कुठे कुंपण नाही.

आपल्याकडचं चित्र आणखी वेगळं. आपल्याकडे पीएसए बहुधा लघवीचा त्रास घेऊन आलेल्या, मोठी ग्रंथी असलेल्या, अनेकदा संसर्ग झालेल्या माणसाचं होतं. अमेरिकेत निरोगी माणसाच्या तपासणीतून आलेली रेघ त्याला लावली की फुकटच्या बायोप्सी वाढतात. लखनौच्या संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये लक्षणं असलेल्या भारतीय पुरुषांसाठी बायोप्सीची मर्यादा ५.४ पर्यंत वर न्यावी असं सुचवलं, ते याच अनुभवातून.

आता मला थोडं सविस्तर बोलू द्या ते नमुन्याबद्दल, कारण हे आमच्या टेबलावरचं आहे आणि याबद्दल फार कमी लिहिलं जातं. रिपोर्टवरचा आकडा रुग्णाच्या दंडातून थेट कागदावर येत नाही. मध्ये पुष्कळ काही घडतं.

रक्तातलं पीएसए दोन-तीन दिवसांत निम्मं होतं. म्हणून नळी, लघवीची अडवणूक, दुर्बिणीची तपासणी, बायोप्सी यांनंतर तो फुगवटा उतरायला वेळ द्यावा लागतो. संसर्ग असेल तर औषध पूर्ण होऊन सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावेत. संबंधानंतर दोन दिवस थांबणं बरं. गुदद्वारातून केलेल्या बोटाच्या तपासणीने आकडा फारसा हलत नाही, तरी रक्त आधी काढलेलं चांगलं. लघवीची साधी तपासणी सोबत हवीच. पूपेशी दिसत असतील तर त्या दिवशीच्या पीएसएवर कुणी निर्णय घेऊ नये.

औषधांचं याहून मोठं. टॅमसुलोसिनसारख्या, नळी मोकळी करणाऱ्या गोळीने पीएसए बदलत नाही. पण फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड या ग्रंथी आकसवणाऱ्या गोळ्या सहा महिने ते वर्षभरात पीएसए निम्म्यावर आणतात. अशा माणसाचा ३ हा आकडा प्रत्यक्षात ६ असतो. आणि गोळी नीट घेत असताना आकडा तळाला जाऊन पुन्हा चढू लागला, तर तो ४ च्या आत असला तरी डॉक्टरांना दाखवावा. दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात, गोळीचं नाव तिसरंच असतं, आणि रुग्ण नुसतं ‘लघवीची गोळी’ सांगतो. नमुना घेणाऱ्या मुलाने पाकीट बघायला मागितलं पाहिजे. आमच्याकडे मी ते विचारायला लावलं आहे.

मग लॅब. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं वेगवेगळ्या मानकांवर जुळवलेली असतात. जुनं आणि जागतिक आरोग्य संघटनेचं, या दोन मानकांत एकाच नमुन्याला वीस टक्क्यांच्या आसपास फरक पडू शकतो. गेल्या वर्षी अमरावतीत ४.२ आणि यंदा अकोल्यात ५.१, एवढ्यावर ‘वाढलं’ म्हणता येत नाही. लॅब एकच धरावी, आणि बदलली तर रिपोर्टवर यंत्राचं नाव असतं ते पाहावं.

आणि वऱ्हाडातला मे महिना. खेड्यातून गोळा केलेले नमुने दुचाकीवरच्या पेटीतून शहरात येतात. बाहेर ४५ अंश, पेटीतला बर्फ तिवशापर्यंतच विरघळलेला. टोटल पीएसए हे बऱ्यापैकी सोसतं. पण फ्री पीएसए, ज्याच्याबद्दल पुढे येतंच आहे, ते नाजूक आहे. रक्त काढल्यापासून काही तासांत नमुना फिरवून वरचा पिवळा द्रव वेगळा करून थंड ठेवला नाही तर फ्री पीएसए खाली जातं. ते खाली गेलं की कागदावरचं प्रमाण कॅन्सरच्या बाजूला झुकतं. म्हणजे एखाद्या घरावर कॅन्सरची भीती केवळ उन्हामुळे कोसळू शकते. फ्री पीएसए करायचं असेल तर रुग्णानेच शहरात यावं, असं मी आग्रहाने सांगतो.

धूसर पट्ट्यात साधी वाढ आणि कॅन्सर वेगळे करण्यासाठी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे उपाय निघाले, त्यांतला सगळ्यात स्वस्त म्हणजे एक भागाकार. पीएसएला ग्रंथीच्या आकाराने भागायचं. सोनोग्राफीत ग्रंथी किती ग्रॅमची ते येतंच. भागाकार ०.१५ च्या खाली असेल तर एवढी मोठी ग्रंथी एवढं पाझरणारच असं म्हणता येतं. वर असेल तर संशय वाढतो. मिचेल बेन्सन यांनी १९९२ मध्ये मांडलेली ही ‘डेन्सिटी’ कुठल्याही मशीनशिवाय, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर निघते. आपल्या भागात हा आकडा रिपोर्टवर छापलेला मला क्वचितच दिसतो, आणि ही हळहळ मी कितीतरी वेळा बोलून दाखवली आहे.

वयानुसार मर्यादा बदलण्याची कल्पनाही चांगली: चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५, सत्तरीत ६.५. दरवर्षी किती वाढलं, यावर मात्र पूर्वी फार भर होता. आकडा मुळातच आज-उद्यात हलत असल्याने एकट्या वेगावर निर्णय घेणं आता मागे पडलं.

फ्री पीएसएची गोष्ट १९९१ च्या सुमारास उलगडली. फिनलंडचे उल्फ-हॉकन स्टेनमन आणि स्वीडनचे हान्स लिल्या यांनी दाखवलं, की रक्तात पीएसए बहुतांश एका दुसऱ्या प्रथिनाला चिकटून फिरतं आणि थोडंच मोकळं असतं. कॅन्सरमध्ये चिकटलेल्याचं प्रमाण जास्त, साध्या वाढीत मोकळ्याचं. कारण साध्या वाढीत पीएसए ग्रंथीतच कापलं जातं, निकामी होतं, आणि निकामी झालेलं कुणाला चिकटत नाही. कॅटलोना यांनी १९९८ मध्ये ४ ते १० च्या पट्ट्यातल्या ७७३ पुरुषांवर हे तपासलं. फ्रीचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत असलेल्यांत कॅन्सरची शक्यता ५६ टक्के होती, २५ टक्क्यांच्या वर असलेल्यांत ८ टक्के. २५ ची रेघ धरली तर ९५ टक्के कॅन्सर सापडत आणि वीस टक्के अनावश्यक बायोप्सी टळत. नीट पाहिलं तर हाही नुसता कल आहे. मधला १० ते २५ चा पट्टा पुन्हा धूसरच. ग्रंथी फार मोठी असेल तर फ्रीचं प्रमाण आपोआप वर जातं आणि आतला छोटा कॅन्सर त्याच्याआड लपू शकतो. टोटल १० च्या बरंच वर असेल तर हे प्रमाण काढण्यात अर्थ नाही. तिथे निर्णय आधीच झालेला असतो.

मोकळ्या पीएसएचेही पोटप्रकार निघाले. त्यांतला एक, दोन अमिनो आम्लांची शेपटी राहिलेला कच्चा पीएसए, कॅन्सरमध्ये जास्त सापडतो. तो, फ्री आणि टोटल अशा तिघांना एका सूत्रात बसवून ‘प्रोस्टेट हेल्थ इंडेक्स’ तयार झाला. अमेरिकेत २०१२ मध्ये त्याला ४ ते १० च्या पट्ट्यासाठी मान्यता मिळाली. ‘फोर-के’ ही चाचणी चार संबंधित प्रथिनं आणि वय, बोटाची तपासणी यांच्यावरून उपद्रवी कॅन्सरची टक्केवारी काढते. स्टॉकहोममध्ये प्रथिनं आणि जनुकीय खुणा एकत्र करणारी तिसरी चाचणी निघाली. तिन्ही पीएसएपेक्षा सरस आहेत यात शंका नाही. पण तिन्ही महाग, आपल्याकडे मोजक्या शहरांतल्या मोजक्या लॅबमध्ये, आणि मूळ नमुना बिघडला तर त्याही बिघडतात. ज्याने अजून ग्रंथीचा आकार आणि गोळ्यांची नावं विचारलेली नाहीत, त्याने थेट इंडेक्सकडे धावू नये.

‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये सीईए, सीए १९-९ वगैरे खुणाही घातलेल्या असतात. प्रोस्टेटच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही. पांढऱ्या पेशींच्या प्रकारांचं गुणोत्तर, रक्तातले सूक्ष्म आरएनए यांवर बरेच लेख येतात. सूज आणि कॅन्सर वेगळे करण्याइतके ते अजून पक्के झालेले नाहीत. अल्कलाइन फॉस्फेटेज हाडातल्या पसरण्याबद्दल सांगू शकतं, पण तेव्हा प्रश्न साध्या वाढीचा उरलेला नसतो.

पीएसएच्या आयुष्यातली सगळ्यात चटका लावणारी घटना २००४ ची. ज्या स्टेमींनी ते जगापुढे आणलं, त्यांनीच सतरा वर्षांनी लिहिलं, की अमेरिकेत पीएसएचं युग संपलं. आता ते मुख्यतः साध्या वाढीचा आकारच सांगतं. आयुष्यभर केलेल्या कामाबद्दल असं लिहायला मोठं मन लागतं. रिचर्ड ॲब्लिन यांनी १९७० मध्ये प्रोस्टेटमधल्या प्रतिजनाची नोंद केली होती. तेही २०१० मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून सरसकट चाचणीविरुद्ध उभे राहिले. कारण उघड होतं. आकड्यामागे बायोप्सी, तिच्यामागे कधीच न छळणारा कॅन्सर, त्यामागे शस्त्रक्रिया, आणि मग लघवीवरचा ताबा गेलेला माणूस. युरोपातल्या १ लाख ८२ हजार पुरुषांच्या पाहणीत २००९ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पण एक मृत्यू टाळायला १,४१० जणांना बोलवावं लागलं आणि ४८ जणांवर उपचार करावे लागले. त्याच पाहणीच्या २३ वर्षांच्या हिशेबात घट १३ टक्क्यांवर आली, तरी दर ४५६ आमंत्रितांमागे एक जीव वाचलेला दिसला. लाभ हळू येतो, पण येतो.

युग मात्र संपलं नाही, आणि त्याचं श्रेय एमआरआयला आहे. आकडा वाढला की आधी एमआरआय, त्यात संशयास्पद जागा दिसली तरच तिथला तुकडा, या क्रमाने २०१८ च्या पाहणीत महत्त्वाचे कॅन्सर ३८ टक्क्यांत सापडले, जुन्या पद्धतीने २६ टक्क्यांत. निरुपद्रवी कॅन्सर उलट कमी सापडले. आणि सापडलेला प्रत्येक कॅन्सर कापावा लागत नाही. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांना पंधरा वर्षं पाहिलं. शस्त्रक्रिया, किरणोपचार की नुसती देखरेख, काहीही केलं तरी प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले तीन टक्क्यांच्या आसपासच होते.

पण हे सगळं वाचताना मला आमच्या गावाकडचे दुसरे एक आजोबा आठवतात. त्यांची कंबर वर्षभर दुखत होती. तेल चोळलं, पट्टा बांधला, इंजेक्शनं घेतली. लघवीचा फार त्रास नव्हता, म्हणून प्रोस्टेटचा विषयच निघाला नाही; बोटाची तपासणी कुणी केली नाही आणि त्यांनीही करू दिली नसती. जेव्हा रक्त आमच्याकडे आलं तेव्हा आकडा कित्येक शेकड्यांत होता. अशा आकड्याला कुठल्याच गुणोत्तराची गरज नसते. अमेरिकेतलं दुखणं अति शोधण्याचं, आपलं उशिरा शोधण्याचं. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला प्रोस्टेट कॅन्सरचे ३८ हजारांच्या आसपास नवे रुग्ण. दर पश्चिमेपेक्षा खूप कमी, पण पुणे-दिल्लीसारख्या शहरांत तो पुरुषांमधल्या आघाडीच्या कॅन्सरांत आला आहे. खेड्यात तो कमी दिसतो. बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे, तिथेही दर शहरांपेक्षा कमी. त्यातलं खरोखर कमी किती आणि न शोधल्यामुळे कमी किती, हा प्रश्न मला सतावतो.

कौंडण्यपूरपासून मोझरीचं गुरुकुंज दूर नाही. तिथले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कॅन्सरनेच गेले, आणि नागपूरच्या प्रादेशिक कॅन्सर रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. विदर्भातला माणूस शेवटी तिथे, सेवाग्रामला किंवा मुंबईच्या टाटाला पोचतो. तिथवर पोचायला लागणारे महिने इथेच वाचवता येतात. लघवीचा त्रास असलेल्या पन्नाशीपुढच्या माणसाची लघवीची तपासणी, संसर्ग नसताना पीएसए, ग्रंथीच्या आकारासह सोनोग्राफी आणि बोटाची तपासणी, एवढं तालुक्याच्या पातळीवर होऊ शकतं. ज्याचे वडील किंवा भाऊ प्रोस्टेट कॅन्सरने गेले त्याने पन्नाशीची वाट पाहू नये. हाडं दुखणाऱ्या म्हाताऱ्या पुरुषाचं पीएसए व्हावं. आणि ऐंशीच्या पुढच्या, तक्रार नसलेल्या माणसाचं हौसेने करू नये.

मोठे बाबांची नळी निघाली, संसर्गाचं औषध झालं, आणि मी त्यांना आठ आठवडे थांबायला लावलं. घरच्यांनी एवढं थांबण्याबद्दल मला बोल लावले, ते समजण्यासारखंच होतं. ते स्वतः अमरावतीला आले. टोटल ५.१, फ्री २७ टक्के. सोनोग्राफीत ग्रंथी ६८ ग्रॅम. भागाकार ०.०७५. बोटाला ग्रंथी मऊ आणि सारखी लागली. युरॉलॉजिस्टनी तुकडा काढला नाही; ग्रंथी आकसवायची गोळी दिली आणि नऊ महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं.

दुसरी आषाढी त्यांनी पाणी पीत पीत केली. परत आल्यावर रक्त दिलं, रिपोर्ट आला २.६. त्यांचा मुलगा आनंदाने फोनवर ओरडलाच, निम्मं झालं म्हणून. मागून मोठे बाबांचा आवाज आला, “निम्मं कायचं बाप्पा, गोळी चालू हाय. त्याले दुप्पट कर.”

दुप्पट केले तर ५.२. मागच्या वेळेस ५.१ होते.

“आहे तिथेच आहे मोठे बाबा,” मी म्हणालो. “पुढच्या वर्षी याच लॅबला या.”

“येतो. उन्हाच्या आधी येतो.”